परराष्ट्रमंत्र्यांची मान आणि मामांचा फेटा

आमच्या घराण्याला गेली तीस वर्षं परराष्ट्रमंत्री आहे. आप्पा, माझे थोरले चुलते! सोयरिकी जुळवणं आणि रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढणं, हे त्यांचं खातं. कराडबाहेरचं काम निघालं की आप्पा इस्त्रीची टोपी घालून तयार. कर्तबगारी म्हणाल, तर तीन मोडलेल्या सोयरिकी, एक कायमचं वैर आणि अगणित कप चहा. (पद टिकलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं.)

माझा साखरपुडा माधवनगरला होता. मानाचा पहिला फेटा मुलीच्या मामाचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण फेटेवाला समोर दिसताच आप्पांनी मान पुढे केली आणि फेटा बांधूनही घेतला! मामा उठले ते थेट कवठे महांकाळला आपल्या घरी गेले. तिथून निरोप आला, "पोरीला मांडवात मी आननार न्हाई." मामाशिवाय नवरी मांडवात येणार कशी? माझं लग्नच अडलं.

"घाबरू नगंस रं," आप्पा म्हणाले, "तू फकस्त गाडी चालीव."

नवा फेटा आणि फेटेवाला घेऊन आम्ही मामांच्या दारात गेलो. आप्पांनी अर्धा तास स्वतःचीच कारकीर्द सांगितली.

"झालं का?" मामा म्हणाले. "बांधा मग."

फेटेवाल्यानं कापड उलगडलं आणि आप्पांची मान पुढे! त्या बिचाऱ्यानं सवयीनं दोन पीळ दिलेसुद्धा.

"आप्पा!" मी किंचाळलो.

"काय रं? जरा घट्ट झालाय."

मामा लालबुंद झाले. "भाचीसाठी येतो लग्नाला. पर ह्यो मानूस मांडवात दिसला तर माघारी जाईन!"

परतताना मी आप्पांना गाडीतच निवृत्त केलं. कापड दिसलं की अक्कल गहाण टाकणारा माणूस! मला भयंकर राग आला होता.

"मग कारभार कोन बघनार?" आप्पांनी विचारलं.

"मी बघतो. शिकलेला आहे मी!"

लग्नाच्या सकाळी मामा आले. आप्पांना घरीच ठेवलं होतं. मी मुद्दाम मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो, जातीनं देखरेख करायला. फेटेवाला आला. कापड उलगडलं. भानावर आलो तेव्हा माझी मान पुढे होती आणि पहिला पीळ माझ्या कपाळावर होता.

"घरान्यातच हाय म्हनायचं!" मामा म्हणाले. भाचीला त्यांनी मांडवात आणलं, पण माझ्याशी बोलणं तोडलं ते तोडलंच.

आता दर दिवाळीला मीच इस्त्रीची टोपी घालून कवठे महांकाळला जातो. मामा अजून बोलत नाहीत. चहा मात्र चांगला असतो.