दोन गाठींची गुंडाळी

आमच्या दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं, सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून गेलं. लोकांच्या कपाटांची आणि खणांची मापं घ्यायची, दुकानात येऊन तेवढं मेणकापड कापायचं आणि परत जाऊन ते सुरकुती न पडू देता अंथरून द्यायचं, हा त्यांचा धंदा. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी वडिलांना विचारलं होतं की नवरामुलगा नेमकं करतो काय. वडील म्हणाले, "लोकांच्या चमच्यांना गाद्या घालतो." त्यावर मी पोट धरून हसलो होतो. पुढे माझं गावाकडचं काम सुटलं आणि त्याच गाद्यांच्या दुकानात दाजींच्या हाताखाली उभं राहायची वेळ आली. तेव्हा मी दोन पोरांचा बाप. त्यामुळे विचारायची लाज वाटायची, चुकायची मात्र वाटायची नाही.

दाजी कुठलाही खण तीन ठिकाणी मोजायचे, पुढे, मध्ये आणि पार मागे. खण दिसतो चौकोनी, पण मधे सुटलेला असतो, असं म्हणून माझ्या पोटाकडे बघायचे. गिऱ्हाइकाने आणलेल्या मापावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एका वकिलांनी ऐटीत सगळी मापं लिहून पाठवली होती, दाजींनी तशीच कापून दिली, तर प्रत्येक खणात मेणकापड चारी बाजूंनी भिंतीवर चढून बसलं. वकीलसाहेबांनी खण बाहेरून मोजले होते. एका बाईंनी तर फळ्या आपल्या वितीने मोजल्या आणि दुकानात वीत दाखवायला नवऱ्याला पाठवलं. त्याचा पंजा फावड्याएवढा. असे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. पण आज सांगायचा आहे तो हसण्यातला नाही.

खणात जुना कागद असायचाच. दाजी तो अलगद काढायचे, पालथा करून पाठीवर माप लिहायचे, गुंडाळून सुतळीने बांधायचे आणि नमुना म्हणून दुकानात आणायचे. सुतळीला एक गाठ असेल तर काम झाल्यावर ती रद्दी. दोन गाठी असतील तर कागद घरच्यांना परत द्यायचा. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या दुकानावर पाटी नव्हती. लोक दाजींना उघड्या कपाटांपुढे एकटं सोडून खुशाल बाजाराला जातात, हीच आपली पाटी, असं ते म्हणायचे.

त्या वर्षी एका घड्याळजीच्या बायकोचं काम आलं. घड्याळजी वारून वर्ष झालं होतं. बाई विसराळू, वस्तू कुठेही ठेवायच्या. म्हणून नवऱ्याने खणातल्या कागदावर कात्री, चिमटा, गाळणी, सुरी, प्रत्येक वस्तूची आकृती पेन्सिलीने काढून खाली नाव लिहिलं होतं. कात्रीच्या पोटात लिहिलं होतं, 'ही हरवली तर नवी मिळणार नाही.' कागद ओलीने कुजायला लागला होता. बाईंनी दाजींना सांगितलं, नवं घाला, पण हा मला परत द्या, त्यांचं अक्षर आता एवढंच उरलंय. दाजींनी दोन गाठी मारल्या आणि वर ओढून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी ते माप घ्यायला बाहेर गेले. दुकानात मी एकटा. शेजारच्या काचसामानवाल्याकडे परगावचं गिऱ्हाईक आलेलं, टेम्पो उभा, आणि कपबशा गुंडाळायला त्याच्याकडे कागद नाही. त्याने माझ्याकडे मागितला. मला उपकार करायची भारी हौस. एक गाठीच्या सगळ्या गुंडाळ्या दिल्या, तरी पुरेनात. कोपऱ्यात ती होती. म्हटलं, मापं वहीत उतरवली आहेत, आणि लोक 'हवा' म्हणतात, मग स्वतःच फेकतात. गाठी नखाने सुटेनात, म्हणून दाताने सोडल्या. त्यामुळे दिसल्या नाहीत असं मला कधीच म्हणता येणार नाही. कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही.

संध्याकाळी दाजींनी गुंडाळी पाहिली का म्हणून विचारलं. मी म्हणालो, नाही. आणि ते वळल्याबरोबर शेजारी धावलो, तर टेम्पो केव्हाच गेला होता, आणि कुठल्या गावाला ते काचसामानवाल्यालाही धड ठाऊक नव्हतं.

मेणकापड घालायला मी त्यांच्याबरोबर गेलो. बाईंनी कागद मागितला. दाजी म्हणाले, "माझ्या हातून गहाळ झाला. खूप शोधला." मी शेजारी मेणकापड धरून उभा. बाईंनी आत जाऊन स्टूल आणलं, स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं आणि काम संपेपर्यंत दाजींच्या हातांकडे बघत बसल्या. त्या दिवशी दाजींची एक पट्टी वाकडी कापली गेली.

त्या इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या चार घरांत कुणी ना कुणी उभं राहायला लागलं. एका घरी तर दाजींच्या देखत चांदीच्या वाट्या पिशवीत भरून आतल्या खोलीत नेल्या. ताई मला म्हणाली, "अरे, हे परवा आरशापुढे उभं राहून मला विचारत होते, मी चोरासारखा दिसतो का गं? हसत विचारलं, पण नंतर जेवले नाहीत."

खाई त्याला खवखवे. महिनाभर मला त्यांच्या शेजारी बसून घास गिळवेना. शेवटी एका दुपारी मी एकटाच घड्याळजीच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दाताचंही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे कशाला आलात? मी परकी, म्हणून सोपं गेलं?"

तिथून तडक दुकानात आलो. दाजी कापत होते. मी सांगत होतो तोवर त्यांनी कात्री कडेपर्यंत नेली, मगच खाली ठेवली.

"'नाही' म्हणालात ना मेहुणे, तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

एवढंच. पुढे बाईंनी स्वतः इमारतीत घरोघरी सांगितलं. पंधरा दिवसांत दुसऱ्या कपाटासाठी दाजींना बोलावलं आणि त्यांना एकट्याला सोडून बाजाराला निघून गेल्या. हे सांगताना दाजींचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. माझ्यावर त्यांनी डूख धरला नाही. थट्टा तीच, पोटाकडे बघणं तेच, दुकानाची किल्लीही माझ्याकडेच.

फक्त दोन गाठींच्या गुंडाळ्या त्या दिवसापासून दुकानात राहिल्या नाहीत. बाहेर निघाले की दाजी त्या काखेत मारून न्यायचे, परत आले की बरोबर आणायचे. पंधरा वर्षं. शेवटी गुडघे गेले, एका हातात काठी आली, तरी दुसऱ्या काखेत गुंडाळ्या. एकदा जिना उतरताना त्यांचा तोल जायला लागला तेव्हा मी म्हणालो, दाजी, द्या इकडे, मी धरतो.

"असू दे," ते म्हणाले, "हलक्या आहेत."