नसलेल्या पुस्तकाची नोंद

यूसुफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुपारच्या तासाला हजेरी घेत होते. त्यांची मुलगी शाहीन बोलत होती. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्याच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी रडले. आणि रडता रडता मनात एक विचार येऊन गेला, की आता ते कुणालाच काही सांगणार नाहीत. त्या विचाराची मला अजून लाज वाटते, म्हणून दीड महिन्यानं हे लिहायला बसले आहे.

वाशीमच्या बस स्टँडजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान. वडील शेख करीम जिल्दसाज होते, जिल्ह्यातल्या कितीतरी प्रबंधांची बांधणी त्यांच्या हातची. यूसुफभाईंनी कॉम्प्युटर घेतला आणि संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर आपलं आपणच शिकले. लेखक, पुस्तक, साल एकदा भरून ठेवलं की प्रबंधात हवं तिथं ते उमटतं, शेवटची संदर्भसूचीही आपोआप तयार होते. आम्हा पीएच.डी.वाल्यांना तर देवच पावला. एकाचं काम संपलं की त्याच्या सगळ्या नोंदींची फाइल ते बाहेर काढून ठेवत आणि त्याच विषयाचा पुढचा कुणी आला की त्याच्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी चढवून देत. "नवीन कायले भरता? घरचं बियानं हाये," म्हणायचे. आमच्याकडे सोयाबीनचं बियाणं असंच राखतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात. घरचं म्हटल्यावर ते कुणी तपासत नाही, तशा या नोंदीही कुणी तपासल्या नाहीत.

माझा प्रबंध विहिरींवर होता. मराठी नावं सूचीत नीट उतरतात की नाही हे पाहायला यूसुफभाईंनी एक नमुन्याची नोंद केली: लेखक शेख करीम, पुस्तक 'वाशीमच्या विहिरी'. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवणाऱ्या माणसाच्या नावावर एक पुस्तक चढलं, म्हणून आम्ही दोघंही खूप हसलो. प्रबंध द्यायला दोन दिवस उरले आणि माझ्या एका वाक्याला आधार मिळेना. किन्हीराजाच्या पट्ट्यात काळ्या पाषाणाखाली खोलवर भरपूर पाणी आहे, हे मी विहिरींच्या जागा दाखवणाऱ्या एका म्हाताऱ्या पाणाड्याकडून ऐकलं होतं. गाईडना मात्र छापील संदर्भ हवा होता. मी ती नमुन्याची नोंद तिथं जोडून दिली. नंतर खरा संदर्भ शोधून बदलू, असं स्वतःला सांगितलं. मग डिग्री मिळाली, पेढे वाटले, पहिला पेढा यूसुफभाईंनाच दिला... आणि बदलायचं राहून गेलं.

काही वर्षांनी त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. एक विद्यार्थी दुसऱ्याच कुणाकडून फाइल घेऊन आला होता आणि तिच्यात 'वाशीमच्या विहिरी' होतं, आता प्रकाशकाच्या नावासकट. पुढं आणखी एका फाइलीत त्याला पानांचे आकडे फुटले. रकाना रिकामा दिसला की मुलं अंदाजपंचे भरून टाकत. तपशील वेगळे असल्यामुळे सॉफ्टवेअरला ही वेगवेगळी पुस्तकं वाटत आणि एकही नोंद गळत नसे. जऊळक्याच्या एका संशोधकाला यूसुफभाईंनी स्पष्ट सांगितलं की बाबा, असं पुस्तकच नाही. "मॅडम, तो म्हने म्या वाचलं हाये. चांगलं हाये म्हने." मग म्हणाले, "मले भेव वाटून राह्यलं."

मी ते हसण्यावारी नेलं. गेल्या उन्हाळ्यात किन्हीराजाकडच्या एका वस्तीनं बोअर मारली. जागा ठरवायच्या अहवालात माझं ते वाक्य होतं, खाली माझा प्रबंध आणि शेख करीम. नुसती धूळ निघाली. यूसुफभाई म्हणाले, आता तरी विद्यापीठाला लिहा. माझी बढतीची मुलाखत तोंडावर आली होती, आणि डिग्रीच काढून घेतली तर नोकरी कुठली राहायला? थांबा म्हटलं. त्यानंतरही दर वेळी थांबाच म्हटलं. ते स्वतः लिहू शकले असते. पण शेवटच्या भेटीत म्हणाले, "तुमचं नाव म्या नाई सांगनार, तुमीच सांगा. पन त्याच पुस्तकावर दुसऱ्या गावाचा बोअरचा अर्ज चाल्ला, मॅडम."

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी दुकानात गेले. शाहीननं कॉम्प्युटर सुरू करून दिला. मी ती नोंद पुसायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? प्रत्येक नोंदीला टिपणासाठी एक रकाना असतो, तो मी कधी उघडलाच नव्हता. त्यात यूसुफभाईंनी यादी करून ठेवली होती. ज्याच्या-ज्याच्याकडे फाइल गेली त्या प्रत्येकाला फोन करून सांगितल्याची. नाव, गाव, आणि पुढं 'काढलं' किंवा 'आयकत नाई'. मधे मधे एक ओळ पुन्हा पुन्हा यायची, 'मॅडमले सांगतलं. थांबा म्हनल्या.' सगळ्यात खालची ओळ ते गेले त्या दिवसाची होती. 'मॅडमले फोन केला. उचलला नाई.' त्या सकाळी माझ्या फोनवर त्यांचं नाव दिसलं होतं... मी आवाज बंद करून वर्गात गेले होते.

अब्बाचं काही काम राहिलंय का, असं शाहीननं विचारलं. मी हो म्हणाले, आणि त्यांच्याच खुर्चीत बसून विद्यापीठाला पत्र लिहिलं. शेख करीम यांनी असं पुस्तक लिहिलेलं नाही, माझं वाक्य निराधार आहे, माझ्यावर जी कारवाई करायची ती करा. मग त्या दुसऱ्या गावाच्या सरपंचांना फोन लावला. मी कोण हे सांगताच त्यांचा आवाज खुलला. मला पुढं बोलूच देईनात.

"मशीन कालपासून चालू हाये, मॅडम. पानी नाई लागलं अजून. लोक म्हनतात बंद करा. म्या म्हनलं, कायले बंद करता? पुस्तकात हाये ना."