घाण मेस्त्रीचा तांब्या

घाण मेस्त्री चाकाला हात लावायच्या आधी बाजूला थुंकायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "घाण!" गाडी कालची असो की वीस वर्षांची, पहिला शब्द हाच. उरणच्या रस्त्यावर त्याचं नावही तेच पडलं. खरं नाव मी कधी विचारलं नाही.

माझी जुनी छोटी गाडी त्याच्याकडे नेली ती हिच्यापायी. हिच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. दर आठवड्याला नेरूळला दवाखान्यात न्यायचं, आणि रस्ताभर बंदराचे कंटेनर, धूळ, शिव्या. माझा ब्रेक आधी लागायचाच नाही, लागला की गचकन. ही पोटाशी उशी धरून बसायची. ओरडायची नाही, ओठ चावायची.

मेस्त्रीने ब्रेक ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. "हे ऑइल हाय का गटाराचं पानी? शी! बायकोला बसवतोस यात?"

"मी तीस वर्षं ट्रेलर चालवलाय," मी म्हटलं. "शिकवू नकोस. पुढे मोठी डिस्क टाक, बास."

"आनि मागं हे कुजके लायनर? वर कोट, खाली चड्डी फाटकी?"

पुढे वरच्या मॉडेलच्या मोठ्या डिस्क आल्या, मागे नवे लायनर, पाइप बदलले, ऑइल बदललं. तरी गाडी देईना. त्याची एक रीत होती. पितळेचा तांब्या गळ्यापर्यंत भरायचा, शेजारच्या सीटवर चुंबळीत बसवायचा. "पुलापर्यंत जाऊन ये. पानी सांडलं तर गाडी हितंच."

दोनदा सांडलं. "गाडी थांबते आता," तो म्हणाला. "तुझा पाय अजून ट्रेलरमंदी हाय."

दुसऱ्या दिवशी हिचे टाके दाखवायचे होते. तिसऱ्या फेरीला पुलाजवळ थांबलो आणि तांब्यातले दोन घोट प्यालो. सीट कोरडी ठणठणीत.

मेस्त्रीने तांब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "मिशी ओली हाय तुझी." थुंकला. "उद्या वहिनी कळवळली, तर तिचं दुखनं पन असंच पिशील?"

स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. दिवस मावळेपर्यंत फेऱ्या मारल्या. शेवटी तांब्या भरला तसा परत आला. ते पाणी तो स्वतः प्याला आणि चावी दिली.

त्यानंतर हिने उशी मागे टाकली. एकदा पुढचा ट्रेलर मध्येच उभा राहिला, मी थांबलो. बघतो तर ही झोपलेली. जागीसुद्धा झाली नाही.

ही वाचली नाही. मेस्त्री स्मशानात लांब उभा होता. निघताना एवढंच विचारलं, "शेवटी घरी आनताना धक्का नाय ना लागला?"

"नाही."

"मंग झालं."

यंदा तोही गेला. त्याच्या बायकोने तांब्या माझ्या हातात दिला. गॅरेजच्या जागी आता कंटेनर रचलेत. डिस्क घासल्या म्हणून नेरूळच्या एका चकचकीत दुकानात गेलो. मालकाने जुन्याच ब्रेकवर लाल प्लॅस्टिकची झाकणं चिकटवली. "काका, अपग्रेड! लुक बघा!"

मी वाकून बघितलं. आधी थुंकलो. मग डिकीतून तांब्या काढला.

"पूजा करायची का काका? नारळ आणू?"

"पाणी आण," मी म्हटलं. "गळ्यापर्यंत भर. त्या सीटवर ठेव, ती जागा माझ्या बायकोची आहे. आणि आता गाडी चालवून दाखव."