खळ्यावरचं हिरवं प्लास्टिक

आमच्या खळ्यावर प्लास्टिकचं गवत आलं ते माझ्यामुळे. हे आधीच लिहून टाकते, कारण चळवळीतल्या माणसांना दोष नेहमी दुसऱ्याच्या अंगणात सापडतो.

खळं म्हणजे घरापुढची मोकळी जागा. पावसाळ्यात तिची पार वाट लागते. मग दिवाळीच्या आधी ती खणायची, माती पसरून पाणी मारायचं, लाकडी फळीने चोपायची आणि शेणाने सारवायची. मालवणजवळच्या आमच्या गावात हे घरोघरी होतं. म्हणजे घरातल्या बाईकडून होतं.

भावाने पर्यटकांसाठी परसात दोन खोल्या बांधल्या. पाहुण्यांच्या पायांना माती लागू नये म्हणून खळ्यात लॉन लावायचं ठरवलं. मी भडकले. खाली जांभा, वर वीतभर माती, मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, आणि त्या पाण्यावर गवत पोसायचं? तेही गुरांच्या तोंडी न जाणारं? मी थेट पत्रकच काढलं. ‘लॉन विहीर पिऊन टाकतं!’ असा ठळक मथळा. कुडाळच्या आठवडा बाजारात वाटलं, उरलेला गठ्ठा घरी ठेवला. माझं पत्रक आजवर एकाच माणसाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आहे. तो माणूस म्हणजे माझा भाऊ.

त्यानंतर पंधरा दिवस मी विजयदुर्गच्या बाजूला किनारा साफ करण्याच्या मोहिमेत होते. परत आले तर खळ्यावर सिमेंटचा कोबा, आणि कोब्यावर चिकटवलेलं हिरवंगार गवत. तुळशीभोवती तेवढा गोल कापलेला.

“ह्या काय केलंस रे?”

“तुझा पत्रक वाचलंय,” तो म्हणाला. “पाणी वाचवूक व्हया ना? ह्येका थेंब लागना नाय. आता तरी टाळी वाजव गो!”

मी तोंड उघडलं आणि आतून दुसरं पत्रक बाहेर पडलं. पावसाचं पाणी आता जमिनीत मुरणार नाही. उन्हात हे भाजून निघणार. झिजून त्याचे तुकडे व्हाळातून, म्हणजे गावच्या ओढ्यातून, समुद्रात जाणार, आणि तेच मी उद्या किनाऱ्यावर वेचत बसणार. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मगे लॉन लावया?”

“नको.”

“मगे खळां कोण करतलो? तू?”

ओट्यावर आई बसली होती. तिने उजवं मनगट पुढे केलं. सुजून त्याचं हाड दिसेनासं झालं होतं.

“तीन वर्षां तू येतंय, येतंय म्हणतंस,” ती म्हणाली. “मी बसान बसान चोपलंय. माका आता जमना नाय गो. पिलास्टिक तर पिलास्टिक. माका ह्याच्यातसून सोडवा.”

तीन वर्षं. एकदा मोर्चा होता, एकदा शिबिर, तिसऱ्या वेळी काय होतं ते आता आठवतही नाही. माझ्या त्याच पत्रकात खाली चौकटीत छापलेलं आहे: ‘सारवलेलं खळं हाच खरा पर्याय.’ कोणाच्या हातांनी, ते छापलेलं नाही. भावानेही कधी फळी धरली नव्हती, हे खरं. त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत. पण तो गावोगाव जाऊन मातीवर भाषणं देत नव्हता.

या मे महिन्यात आईने त्या गवतावर चटई टाकून कोकमाची सालं वाळत घातली. दुपारी ती सालं परतायला उतरली ती चपला घालून. खळ्यात चपला! जिथे भात झोडतो, जिथे तुळस आहे, तिथे आमच्या घरातलं कोणी चप्पल घालून पाऊल टाकत नाही. पण अनवाणी उभं राहणंच शक्य नव्हतं. मी दोन पावलं गेले आणि पोळून मागे आले.

तेव्हा मी तिला म्हटलं, हा कोबा फोडते. या दिवाळीआधी मीच खणते, मीच चोपते, तू नुसती बसून सांग. खरंच म्हणत होते.

“दरवर्षी खराच म्हणत होतंस,” आई म्हणाली. चिडून म्हणाली असती तर भांडता आलं असतं. डाव्या हाताने तिने सालं उलटी केली, चटईचं उडणारं टोक चपलेने दाबलं, आणि पलीकडच्या ओळीला लागली.