प्रोफेसरांच्या तुकड्याचं एक अक्षर

समजा, डीएनएचे पाच तुकडे तुम्हाला एकाच नळीत टाकून जोडायचे आहेत. प्रत्येकाच्या टोकाला चार अक्षरं. शेजाऱ्याची चार त्यांना जुळली की तुकडे आपोआप ओळीत लागतात. ही टोकं मोकळी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ही एक कात्रीच. सहा ठरावीक अक्षरं दिसली की ते कापतं. आता तीच सहा अक्षरं एखाद्या तुकड्याच्या पोटातही असतील तर? कात्रीला टोक काय न् पोट काय, ती कापणारच.

नॉर्विचच्या वनस्पती संस्थेतल्या तंत्रज्ञ हिलरी लार्टरला हे एकोणीस वर्षं माहीत होतं. प्रोफेसर ऑब्री फेनविक यांनाही माहीत होतं, पण इतरांच्या तुकड्यांपुरतं.

सगळ्यांनी टोकांची तीच अक्षरं वापरावीत, म्हणजे कुणाचाही तुकडा कुणालाही बसेल, असं ठरवणाऱ्या समितीत ऑब्री होते. त्यांनी भाषण ठोकलं, सही केली आणि सामायिक संचासाठी आपला लाडका तुकडा पाठवला. जनुक चालू करणारं बटण. पोटात ती सहा अक्षरं जशीच्या तशी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

हिलरीच्या सहीशिवाय कुठलाही तुकडा संचात जात नसे. शुक्रवारी पेटी अकरा प्रयोगशाळांकडे निघणार होती. तिने तो त्या विकराने कापून जेलवर पाहिला. तिथे प्रत्येक तुकड्याची एक पट्टी उमटते; इथे एकीऐवजी दोन दिसल्या. फोटो घेऊन ती कँटीनमध्ये गेली. ऑब्री स्कोनला लोणी लावत होते.

"आतलं एक अक्षर बदला, म्हणजे झालं," ती म्हणाली.

"हिलरी, या तुकड्यावर माझी बावीस वर्षं गेलीत."

"दिसतंय ना. जवळजवळ मधोमध कापलाय. अकरा इकडे, अकरा तिकडे."

"नियम नवख्यांसाठी असतात. तू सही कर."

"करते की. आणि सोबत चिठ्ठी लावते: प्रोफेसरांचा तुकडा आहे, विकराने कृपया कापू नये."

पलीकडच्या टेबलावर कुणाला तरी चहाचा ठसका लागला.

पेटी गेली ती एक कप्पा रिकामा ठेवून. यादीत ऑब्रींच्या नावापुढे 'नापास' लिहिलेलं अकरा ठिकाणी वाचलं गेलं. तीन आठवड्यांनी बदललेला तुकडा हिलरीच्या टेबलावर आला, चिठ्ठीचपाटी काही नाही. तिने तो तपासला. एकच पट्टी. मग बटण चालतं का हे पाहायला तिने त्याला चमकणारं जनुक जोडलं; तंबाखूच्या पानात जुना आणि नवा दोन्ही सारखेच उजळले. तिने सही केली.

महिन्याभराने स्कॉटलंडहून कळलं की बार्लीत हा तुकडा विझलेलाच राहतो. ऑब्री इतक्या आनंदाने तिच्याकडे आले, की स्वतःचं संशोधन फसल्यावर इतकं खूश झालेलं माणूस हिलरीने पहिल्यांदाच पाहिलं.

"तुझ्या एका अक्षराने वाट लावली. सही मागे घे."

हिलरीने कपाटातून त्यांच्या बावीस वर्षांच्या नोंदवह्या काढल्या आणि दोन दिवस एकेक पान पाहिलं. तंबाखू. तंबाखू. पुन्हा तंबाखू. तिसऱ्या दिवशी वह्यांचा ढीग घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली. ऑब्री कोट चढवत होते. समितीची बैठक होती म्हणे.

"सही मागे घेईन," ती म्हणाली. "आधी एवढंच सांगा, तुमचा जुना तुकडा तरी बार्लीत कधी उजळला होता का?"