वरच्या खोलीतलं सारावाक

आमच्या कॉलेजात आग्नेय आशियाचा इतिहास शिकवायला कोणी तयार नसायचं, म्हणून तो पेपर वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात राहिला. त्यात बोर्निओ बेटावरच्या सारावाकचं एक प्रकरण होतं. एक इंग्रज स्वतःचं जहाज घेऊन तिथं गेला, ब्रुनेईच्या सुलतानाविरुद्धचं बंड मोडायला त्याने मदत केली आणि त्या बदल्यात तो त्या मुलखाचा राजाच होऊन बसला. पुढे त्याच्या घराण्याने तीन पिढ्या राज्य केलं. किनाऱ्यावरचे मलाय त्यांचे अंमलदार आणि नदीच्या वरच्या अंगाला राहणारे डायाक त्यांचे लढवय्ये. हे सगळं मी इतक्या वेळा शिकवलं होतं, की मुलांच्या आधी मलाच जांभई यायची.

मग एका उन्हाळ्यात खुद्द सारावाकमधल्या दोन मुली संशोधनासाठी धारवाडला आल्या. वसतिगृहात पाण्याचे हाल, म्हणून सप्तापुरातल्या आमच्या घराची वरची खोली त्यांना दिली. एक मलाय होती, दुसरी डायाक. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी आणि दिवसातून एकदा तरी भांडणाऱ्या.

शेजारच्या अक्कांनी कुंपणावरून विचारलं, "डायाक म्हंजे कोण हो बाई?"

मी प्राध्यापक. नेमकं सांगायची सवय. पूर्वी त्यांच्यात शत्रूचं मुंडकं कापून आणायची रीत होती, हेही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांचे यजमान ऐन मे महिन्यात कानटोपी घालून फिरायला जाऊ लागले. डोक्याला पूर्ण टक्कल, वर लोकरीची टोपी, घामाच्या धारा. डायाक मुलीला वाटलं त्यांना थंडीताप आहे. तिने आल्याचं पाणी करून नेऊन दिलं. अक्कांनी ते घेतलं आणि दारातच विचारलं, "तुमच्याकडे मुंडकी कापतात, खरं का?" मी मध्ये उभी, दुभाषी म्हणून. जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

मुलगी जरासुद्धा रागावली नाही. "माझे आजोबा पोस्टात होते," ती म्हणाली. "ते फक्त शिक्के मारायचे. गावाकडच्या लांबघरात, म्हणजे सगळं गाव एका छपराखाली राहतं त्या घरात, जुन्या कवट्या टांगलेल्या आहेत. त्यांच्यावरची धूळ झटकताना आजीला शिंका येतात."

"धुळीचं आमच्याकडेही तसंच की," अक्का म्हणाल्या, आणि तिला बसायला पाट दिला.

माझे वडील, अप्पा, निवृत्त वकील. घरात वाद घालायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते सुकत चालले होते. या दोघींचं भांडण ऐकून त्यांना पालवी फुटली. एका रविवारी दुपारी त्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि जाहीर केलं की गोऱ्या राजाच्या मालकीचा निकाल आज लागेल.

"सुलतानाने राज्य बक्षीस दिलं," अप्पा म्हणाले. "पण देणाऱ्याच्या ताब्यात ते होतं का?"

"होतं," मलाय मुलगी म्हणाली. "सुलतानाचे लोक कर गोळा करायचे."

"नदीच्या वरच्या अंगापर्यंत पोचले तर," डायाक मुलगी म्हणाली. "बहुतेक वेळा आमचे लोक त्यांना वाटेतूनच परत पाठवायचे."

"म्हणून तर राजाला तुमचे लोक कामी आले. दुसऱ्या नदीवरच्या डायाकांना मारायला."

"आणि हुकूम वाचून कोण दाखवायचं? तुझे पणजोबा."

मग दोघी मलाय भाषेत घुसल्या. अप्पांनी टेबलावर चमचा आपटून शांतता मागितली. चेहरा असा, की जणू वीस वर्षांनी त्यांना पोटभर जेवायला मिळालं होतं.

तेवढ्यात मलाय मुलीने साधेपणाने विचारलं, "अप्पा, इंग्रजांच्या वेळी तुमचं घराणं काय करत होतं?"

अप्पा ताठ बसले. हा त्यांचा आवडता विषय. "माझे पणजोबा कलेक्टरच्या कचेरीत शिरस्तेदार होते. साहेबाचं त्यांच्यावाचून पान हलत नसे. साहेबाने त्यांना शालजोडी दिली होती."

"म्हणजे आमच्यासारखेच," मलाय मुलगी खूश होऊन म्हणाली.

"शालजोडी कशाबद्दल?" डायाक मुलीने विचारलं.

अप्पांनी चहाचा घोट घेतला. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारलेला मला आठवत नाही.

"अळणावरकडच्या गावांना रानात जायची बंदी झाली होती," अप्पा हळू म्हणाले. "लोक ऐकेनात. पणजोबांनी जाऊन त्यांची समजूत घातली."

"एकटेच गेले होते?"

"शिपाई होते बरोबर."

अप्पांचे कान लाल झाले होते. मला त्यांची दया आली आणि हसूही आवरेना, कारण न्यायाधीश आपल्या पायांनी चालत पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले होते.

शेवटी डायाक मुलीनेच त्यांना सोडवलं. "माझ्या खापरपणजोबांना राजाने झेंडा दिला होता," ती म्हणाली. "कशाबद्दल, ते आम्हीही कुणाला सांगत नाही."

अप्पा आधी गालात हसले, मग मोठ्याने. निकाल राखून ठेवल्याचं त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांना चपला घालायला लावून कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं.

तिथे वेटरने डोसे किती म्हणून विचारलं, तर दोघी एकमेकींकडे बघून खिदळायला लागल्या. मलाय भाषेत 'दोसा' म्हणजे पाप. आपल्याच 'दोष' शब्दाचं तिकडे गेलेलं रूप. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला.

"प्रत्येकी एक आण," ते वेटरला म्हणाले. "माझ्यासाठी दोन. लोणी जास्त."