मुजरा

केवड्याच्या अत्तराचा वास आला की मला केडगावच्या मंगल कार्यालयातलं चुलतबहिणीचं लग्न आठवतं. ज्या संस्थानातून आमचं घराणं नगरला आलं, तिथले माजी राजेसाहेब पाहुणे म्हणून आले होते. संस्थान केव्हाच विलीन झालेलं, तरी माणसं घामाघूम होऊन रांगेनं मुजरे करत होती. नागापूरच्या कारखान्यात काम करणारे माझे वडील तेवढे ताठ उभे राहिले. "याला रीत शिकवलेली दिसत नाही," राजेसाहेब हसत काकांना म्हणाले. वडील त्यांच्याकडे बघत म्हणाले, "शिकवली हाय की. फुकटच्या वेठीला गेला न्हाई म्हणून तुमच्या वडलांनी माझ्या बापाला चौकात फोडून काढलं, तवाच शिकलो आमी." काका राजेसाहेबांचीच माफी मागू लागले. वडिलांनी मला हाताला धरून उपाशीच बाहेर नेलं. मागे मुजरे पुन्हा सुरू झाले होते. परवा त्या राजेसाहेबांच्या नातवाचा भिंगारमध्ये सत्कार ठरला आणि औक्षणासाठी मला फोन आला. मी कारण सांगून नाही म्हणाले. "इतका जुना राग बरा नव्हे, ताई," आयोजक म्हणाले. "बरा आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.